एक्केचाळीस नंबरचा प्लॉट

कुंता गेल्याचं कळलं तेव्हा इस्तारी एका ट्रकच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसून कमानीचे पाटे पाहत होता. परवान्यावर बांबू लिहिलेला होता आणि पाटे बांबूच्या वजनानं दबतात त्याहून दोन बोटं जास्त दबले होते. ड्रायव्हर मागे उभा राहून, साहेब चहा सांगू का, म्हणून दुसऱ्यांदा विचारत होता. जो आधी चहाचं विचारतो त्याच्या गाडीत बांबूखाली साग असतो, हे इस्तारीला अठ्ठावीस वर्षांत पाठ झालं होतं. अहेरीच्या वाटेवरच्या त्या वन तपासणी नाक्यावर तो सोमवार ते शनिवार राहायचा आणि रविवारी चंद्रपूरला घरी जायचा. तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा, आचलचा. ती नागपूरला नोकरीला, दुपारी कधी फोन करत नाही. "बाबा, आई गेली," ती म्हणाली. नंतर तिनं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. आई आपल्या प्लॉटवर होती. तिथं चक्कर येऊन पडली. डोक्यातली नस फुटली म्हणतात. कोणी धनराज नावाचा ठेकेदार होता तिथं, त्यानं गाडीत घालून दवाखान्यात आणली, पण दारातच संपलं होतं. इस्तारी उभा राहिला. त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, "हा धनराज कोन?" त्या प्रश्नाची लाज त्याला नंतर पुष्कळ वाटली, पण लाज वाटली म्हणून प्रश्न गेला नाही. ट्रक त्या दिवशी न उघडताच सुटला.

मयतीला धनराज आला होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, नखांत सिमेंट. तो कुंताच्या माहेरच्या गावचा, सिंदेवाहीकडचा, म्हणजे नात्यानं नाही पण गावानं भाऊ. हे त्यानं स्वतःच सांगितलं, आणि इस्तारीला जवाई म्हणाला, कारण गावची पोरगी दिली म्हणजे तिचा नवरा साऱ्या गावाचा जावई. तो सगळ्यांसमोर मोठ्यानं रडला. इस्तारीला रडू आलं नव्हतं. तो चितेच्या लाकडांकडे पाहत होता. वखारवाल्यानं खाली ओली लाकडं घातली होती आणि वर सुकी, आणि ही लबाडी आपल्याला आत्ता, या वेळेला दिसावी याचा त्याला राग येत होता. मग त्याची नजर धनराजकडे गेली आणि त्याचं रडणंही तो तसंच पाहू लागला, वर काय आहे आणि खाली काय आहे. परका माणूस एवढा का रडतो? तीस वर्षांच्या संसारात कुंताच्या तोंडून त्यानं हे नाव ऐकलं नव्हतं. की ऐकलं होतं आणि लक्षात ठेवलं नव्हतं? रविवारी घरी गेला की तो जेवायचा, झोपायचा, संध्याकाळी नाक्यावरच्या गोष्टी सांगायचा. कोणी काय लपवलं होतं आणि आपण कसं काढलं. कुंता भाजी निवडत ऐकायची. तिच्या सोमवार ते शनिवारमध्ये काय असतं हे त्यानं विचारल्याचं त्याला आठवेना.

प्लॉट दोन वर्षांमागे घेतला होता. निवृत्तीनंतर स्वतःचं घर हवं, गल्लीतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत बारा वर्षं झाली, आता पुरे, असं त्यानंच काढलं होतं. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, शहराच्या बाहेर, एक लेआउट पडला होता. चुन्याच्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्याला सिमेंटचे खांब, मांडव, खुर्च्या, आणि सगळ्यांना भाऊ-भाऊ करणारा लेआउटवाला. त्यानंही आधी चहाच विचारला. म्हणून इस्तारीनं महिनाभर कागद पाहिले. सातबारा, अकृषक परवानगीचा आदेश, नकाशा, त्यावरच्या सह्या, शिक्के. तो शिक्क्यांचा माणूस. साग तोडला की बुंध्यावर हातोड्याचा ठसा मारतात, ठसा असला की लाकूड चोख, नसला की चोरीचं, त्यात मधलं काही नसतं. या कागदांवरचे ठसे खरे होते. नाक्यावर त्यानं सगळ्यांना सांगितलं, कागद एक नंबर आहेत. त्याच्या मनात तीन नंबरचा प्लॉट होता, रस्त्याला लागून, कोपऱ्याचा. जागा पाहायला कुंताला घेऊन गेला तर तिनं कागद पाहिले नाहीत, नकाशा पाहिला नाही. चपला काढून हातात घेतल्या आणि वाळल्या गवतातून अनवाणी चालत सरळ खालच्या टोकाला गेली. तिथं बसली. नखानं माती उकरली, चिमूट नाकाजवळ नेली. मग तिथूनच हात केला. "हा घ्या," ती म्हणाली. एक्केचाळीस नंबर, सगळ्यांत मागचा. "काऊन?" त्यानं विचारलं. "इथी बरं वाटते." एवढंच. लेआउटवाला हसून म्हणाला, "घ्या साहेब, बाईचं मन लागलं तीच वास्तू." इस्तारीला तेव्हाही खटकलं होतं की हा एवढा खुश का झाला. पण बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक कमी लागत होता, सही तिची लागणार होती, आणि ती म्हणाली, सही करीन तर ह्याच्यावरच. तिनं हट्ट केलेला त्यानं त्याआधी कधी पाहिला नव्हता. तो रागावला आणि कबूल झाला.

तेराव्यानंतर आचल नागपूरला गेली आणि इस्तारीनं एक महिन्याची रजा टाकली. घरात बसून तो कुंताच्या वस्तू आवरू लागला, म्हणजे तो स्वतःला तसं सांगत होता. खरं तर तो तपासणी करत होता. पातळांच्या घड्या, गोळ्यांची पाकिटं, देवळातला अंगारा, बटणांचा तिचा जुना फोन. तिच्या कापडी पिशवीच्या तळाशी बसची तिकिटं निघाली, चुरगाळलेली, काही पावसात भिजून वाळलेली. सगळी त्याच रस्त्याची. त्यानं ती पलंगावर ओळीनं मांडली आणि तारखा लागल्या तशा लावल्या. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. सगळे दिवस सोमवार ते शनिवारमधले. रविवार एकही नाही. भर पावसात, चिखलात, एका उघड्या प्लॉटवर बाई माणसाचं काय काम असतं? शेजारी रुखमाबाई राहायची, कुंताच्या वयाची, जिभेनं तिखट. तिला त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जात होती ना," रुखमाबाई म्हणाली. "आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसाले. तुमाले माहीत नाई काय?"

"होतं माहीत. एकटीच जात होती का कोणी यायचं न्यायले?"

"कवा कवा तो ठेकेदार यायचा, मोटरसायकलवर." मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "इस्तारीभाऊ, नाक्यावरून रजा घेऊन आले न इथी माही तपासनी करून राह्यले काय? गेलेल्या मानसाच्या पिशव्या नाई उलथत जी असं."

तो घरात आला. भिंतीवर आचलनं लावलेला कुंताचा मोठा फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात ती सरळ समोर पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याला वाटलं, आपल्याला हिची जुनी गोष्ट तरी कुठली माहीत आहे? ती ढिवराची पोरगी, बाप गावच्या तलावात मासे धरायचा. तीही लहानपणी डोंग्यात बसायची, जाळं विणायची. इस्तारीही त्याच जातीचा, पण त्याच्या बापानंच जाळं सोडलं होतं आणि आलापल्लीला सरकारी लाकूड डेपोत मजुरी धरली होती. इस्तारी लाकडांच्या थप्प्यांत वाढला. डेपोत लागला तेव्हा त्याचं काम नापणीचं होतं, ओंडक्याच्या मध्यावर टेप गुंडाळून गोलाई घ्यायची आणि ओरडून सांगायची. पुढे पुढे त्याला टेप लागेनाशी झाली. लांबून पाहून सांगायचा आणि बोटभर चूक निघायची नाही. लग्न झालं तेव्हा आईनं कुंताच्या एका गोष्टीवरून घर डोक्यावर घेतलं होतं, पोरगी डाव्या हातानं वाढते. कुंता उजव्या हातानं वाढायला शिकली. सगळं उजव्या हातानं करायची, माणसांसमोर. तिला तलावाची आठवण येते का, हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. नाक्याजवळच्या क्वार्टरात पहिली वर्षं गेली, मग आचलच्या शाळेसाठी चंद्रपूर. गल्लीत नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि ती बादल्या भरून ठेवायची. कधी कधी भरलेल्या बादलीत उगाच हात बुडवून बसायची. हे त्याला आत्ता आठवलं, आणि हे खरंच पाहिलेलं आहे की आता मनानं जोडलं, याचीही त्याला शंका आली.

घर मात्र बांधायचं होतं. निवृत्तीला सात महिने होते. आचल म्हणाली, आईची इच्छा होती, बांधाच. त्यानं सुरेंद्र नावाचा बिल्डर पाहून ठेवला होता. काचेचं ऑफिस, थंडीतही एसी, भिंतीवर घरांची रंगीत चित्रं. सुरेंद्र तिशीतला, कपाळाला बारीक टिळा. त्यानं कॉम्प्युटरवर इस्तारीचं घर दाखवलं. पांढरं, दोन मजली, समोर हिरवळ, आणि अंगणात एक बाई, एक पुरुष, दोन लेकरं. "ही कोन मानसं?" इस्तारीनं विचारलं. "ती अशीच असतात भाऊ, चित्र भरलेलं दिसायले," सुरेंद्र हसला. "तुमी काहीच टेन्शन घ्यायचं नाई. चावी घ्यायची आणि राहायले जायचं." त्याच्या कागदावर शिक्का होता, साहित्याची यादी होती, कुठल्या खोलीला कुठली फरशी तेही होतं. इस्तारीला हे बरं वाटलं. निदान कागद तरी सरळ बोलत होता. उठता उठता त्यानं विचारलं, "प्लॉट कवा पाह्यला तुमी?" "पाह्यला ना, मोबाईलवर. नकाशात वरून सारं दिसते भाऊ. मस्त सपाट हाय." इस्तारीनं मान हलवली. सपाट नाही तो, खाली उतरता आहे, असं त्याच्या ओठावर आलं होतं, पण बोलला नाही. वरून पाहणाऱ्याला चढ-उतार दिसत नाही एवढंच, असं त्यानं समजून घेतलं. धनराजवरचा त्याचा संशय एवढा जागा होता की सुरेंद्रसाठी वेगळा संशय उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो प्लॉटवर गेला. डिसेंबरची सकाळी दहाची उन्हं, गवत वाळून पिवळं. लेआउटमध्ये तीन-चार घरं झाली होती, सगळी रस्त्याकडची. मागच्या बाजूला कोणीच नव्हतं. सिमेंटच्या खांबांना नवा चुना मारलेला होता, दोन वर्षांनंतरही कोरे दिसत होते. एक्केचाळीस नंबरवर तो येऊन उभा राहिला. इथे ती पडली. नेमकी कुठं ते त्याला माहीत नव्हतं, कोणी दाखवलं नव्हतं. मागच्या धुऱ्यापाशी, जुन्या शेताच्या बांधापाशी, त्याला तो बांबू दिसला. मनगटाएवढा, जून, छातीभर उंच, खोल गाडलेला, बुडाशी दगड ठोकून पक्का केलेला. आणि त्यावर खाचा. एक जुनी, काळी पडलेली. एक नवी, आतलं पांढरं अजून मळलेलं नव्हतं. बाकी बारीक-बारीक चिरा. इस्तारीच्या डोक्यात रक्त चढलं. जंगलात खाचेचा अर्थ एकच. चोर झाड हेरून जातो तेव्हा खूण करून जातो, म्हणजे दुसऱ्या चोरानं हात लावू नये, हे झाड माझं. कोणीतरी इथं खूण ठोकून ठेवली होती. बाई एकटी येते, नवरा आठवडाभर नाक्यावर, प्लॉट बाईच्या नावावर. खुंट गाडा, ताबा दाखवा, उद्या कागद करा. त्याला सगळं एकदम दिसलं, जसं ट्रकचा पाटा पाहून आतला साग दिसतो. त्यानं खाली बसून खाच न्याहाळली. कुऱ्हाड बोथट होती. घाव तिरपा, डावीकडून उजवीकडे खाली उतरलेला, म्हणजे मारणारा डावखुरा. नवी खाच दोन-तीन महिन्यांची, त्याहून जुनी नाही. एवढं सगळं त्यानं पाहिलं. मग दोन्ही हातांनी बांबू हलवून हलवून उपटला, मधोमध पाय देऊन मोडला, दोन्ही तुकडे मोटरसायकलला बांधून घरी आणले. नाक्यावर जप्त माल आणताना वाटतं तसं त्याला वाटत होतं, बऱ्याच दिवसांनी बरं. अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल होती. चार दिवस तिथं तुकडे पडून राहिले. पाचव्या दिवशी थंडी जास्त होती आणि लाकूड संपलं होतं. त्यानं कुऱ्हाडीनं चिरफाड करून ते चुलीत घातले. जून बांबू, फटाफट फुटत जळाला. पाणी चांगलं तापलं.

मग त्यानं धनराजला बोलावलं. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. धनराज संध्याकाळी चारला आला, दारात चपला काढून आत आला आणि आधी कुंताच्या फोटोला हात जोडले. इस्तारीनं चहा केला. मुद्दाम त्याच्या हाताकडे पाहत कप पुढे केला. धनराजनं उजव्या हातानं घेतला, उजव्या हातानं बशीत ओतला. डावखुरा नव्हता. इस्तारीची मांडणी तिथेच थोडी हलली.

"जवाई, एक विचारू काय?" धनराजच आधी बोलला. "मी कालच्या दिवशी प्लॉटवर गेलतो. तिथला बांबू कुठी गेला?"

"तेच मी तुले विचारनार होतो. माह्या प्लॉटवर तू खुंट काऊन गाडला?"

"मी?" धनराजनं बशी खाली ठेवली. "मी नाई गाडला. बाईनं गाडला तो."

"बाई मानूस बांबू गाडते काय?"

"ढिवराची पोरगी हाय जवाई, थे नाई गाडन तं का तहसीलदार गाडन? आमच्या तलावात सांडव्यापाशी असाच बांबू असते. पाणी कुठवर चढलं का तिथी खाच. तिच्या बापानं मारल्या, माह्या बापानं मारल्या. म्हातारे खाच पाहून सांगत, औंदा तलावाची पार फुटते का राह्यते."

डावा हात. माणसांसमोर उजव्या हातानं वाढणारी कुंता, घरात परकं कोणी नसलं की विळीवर डाव्या हातानंच चिरायची. तीस वर्षं त्यानं ते पाहिलं होतं, आणि खाचेचा घाव पाहून त्याला चोर आठवला होता.

"पण तिथी पाणी कुठी हाय?" तो म्हणाला, आवाज स्वतःचाच त्याला लांबून आला.

"आता नाई. बोडी होती तिथी." बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला शेतकऱ्यानं बांध घालून अडवलेलं लहान तळं. "तिची पार सपाट करून प्लॉट पाडले. पण पाण्याले कोण सांगन? वरचं सारं तिथीच उतरते. दोन दिवस, तीन दिवस थांबते, मंग जाते."

"कागदावर बोडी नाई. मी सारे कागद पाह्यले."

"कागद भिजते काय जवाई?" धनराज हे टोचून बोलला नाही, तरी टोचलं. "बाईले पहिल्याच दिवशी समजलं होतं. मातीत गोगलगाईचे शिंपले होते म्हणे. मले बोलावलं तवा मी सांगतलं, बाई, हे विकून टाक, दुसरा पाहू. तं हासली. म्हणे, धनराज, बारा वरसं मी बादलीतलं पाणी पाहून राह्यली. वर्षातून दोन दिवस अंगणात येईन तं येऊ दे. आपन घराचं जोतं उंच घेऊ न वर बसू. किती उंच, थे मले पाणीच सांगन. दोन पावसाळे पाह्यते, मंग तू बांध."

मग त्याला विचारायचा होता तो खरा प्रश्न आला. "मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

"म्या बी विचारलं. म्हणे, थे खुश हायेत. साऱ्या नाक्याले सांगून आले, कागद एक नंबर म्हणून. सांगतलं तं लेआउटवाल्याच्या मागं लागतीन, सहा महिने झोपनार नाईत. जोतं झालं का सांगीन." धनराजनं खिशातून फोन काढला, बोटानं सरकवत सरकवत एक फोटो काढला आणि पुढे धरला. "पहिल्या वर्षीचा. तवा पाणी कमी होतं."

फोटोत कुंता पोटरीभर पाण्यात उभी होती. पातळ खोचलेलं, एक हात बांबूवर, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि तोंड उघडून हसत होती. असं हसताना इस्तारीनं तिला पाहिलं नव्हतं. हा फोटो दुसऱ्या माणसाच्या फोनमध्ये होता. त्याला राग आला, आणि राग कोणावर करायचा ते समजेना. हा माणूस खरं बोलतो आहे. की आधीच सगळं जुळवून आला आहे? काम मिळवायचं आहे म्हणून मेलेल्या बाईच्या तोंडी काहीही घालता येतं, ती काय नाही म्हणायला येणार आहे. पण हसू कसं जुळवणार. त्यानं फोटो मोठा करून पाहिला. त्यात खाच अजून मारलेली नव्हती.

"आणि दुसरी?" त्यानं विचारलं. "औंदाची?"

"औंदा पाणी लई होतं. मी तवा राजुऱ्याले कामावर होतो, पाह्यलं नाई. बाईनं फोनवर सांगतलं, खाच मारली म्हणे, तू ये न पाहून जा, म्हंजे पायव्याचं ठरवू. दिवाळी झाली, म्हणून त्या दिवशी गेलो. मी गाडी लावून राह्यलो होतो, थे पुढं गेली. धुऱ्यावर बसली. म्या म्हटलं थकली असन." तो थांबला. "खाच पाहायचं राहूनच गेलं जवाई. म्हणून तं काल गेलतो. कुठी ठेवला बांबू?"

इस्तारीनं अंगणाकडे पाहिलं. चुलीतली राख त्यानंच सकाळी भरून टाकली होती. "जाळला," तो म्हणाला. "पाणी तापवाले."

धनराजनं बशीतला चहा कपात परत ओतला आणि कप नुसताच धरून बसला. बाहेर रुखमाबाई कोणाच्या तरी बकरीला शिव्या देत होती. "बरं, असू द्या," शेवटी तो म्हणाला. "डोयानं तं पाह्यली असन ना तुमी? तुमी तं नापनारे मानूस. जमिनीपासून किती वर होती सांगा, गुडघ्याएवढी का मांडीएवढी?"

इस्तारी सांगायला गेला आणि त्याला काही सांगता आलं नाही. खाचेचं सगळं त्याला दिसत होतं. कुऱ्हाड बोथट, घाव तिरपा, आतलं पांढरं, कडेला निघालेला एक तंतू. पण तो खाली बसला होता, त्याचे डोळे खाचेजवळ होते, आणि जमिनीकडे त्यानं पाहिलंच नव्हतं. बसलेल्या माणसाच्या डोळ्याएवढी? की हनुवटीएवढी? नवी खाच जुनीच्या वर होती एवढं नक्की. वीतभर वर? दोन वीत? हजारो ओंडके लांबून पाहून सांगणाऱ्यानं हे एक लाकूड हातात धरलं, मोडलं, गाडीवर नेलं, चिरलं, आणि नापलं नाही. "मांडीएवढी," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाई. मले नाई सांगता येत."

"मंग मीबी नाई सांगू शकत," धनराज म्हणाला. "कमी घेतलं तं पाणी घरात. जास्त घेतलं तं बाई म्हणत होती तसं नाई होत, पायऱ्या चढून चढून तुमीच थकान. अंदाजानं जोतं नाई बांधत मी. दुसरा कोनी बांधत असन तं त्याच्याकडून घ्या बांधून." उठताना त्यानं पुन्हा फोटोला हात जोडले. इस्तारीला नाही जोडले. दारात म्हणाला, "थे फोटो पाठवतो आचलबाईच्या फोनवर."

दुसऱ्या दिवशी इस्तारी खुरपं घेऊन प्लॉटवर गेला. बांबूचं भोक अजून तसंच होतं. त्याच्या बाजूला बसून त्यानं माती उकरली. चार बोटं खाली शिंपले लागले, नखाएवढे, पांढरे, बोटात धरले की चुरा होणारे. त्यानं माती नाकाजवळ नेली. त्याला काही वास आला नाही, मातीचाच आला. मग तो सिमेंटच्या खांबांपाशी गेला, कुठं तरी पाण्याची रेघ राहिली असेल म्हणून. सगळ्या खांबांना चुना होता. आता त्याला समजलं की दोन वर्षांनी खांब कोरे का दिसत होते. त्यानं खुरप्यानं एका खांबाचा चुना खरवडला. खाली जुना चुना होता, त्याच्याखाली आणखी चुना, आणि मग सिमेंट. रेघ नव्हती, की होती आणि त्याच्याच खुरप्यानं निघून गेली, हे त्याला ठरवता आलं नाही. तो शेजारच्या दोन प्लॉटवर फिरला, धुऱ्यावरून चालला, गवताच्या काड्यांना अडकलेला जुना कचरा पाहिला. कचरा वाऱ्यानंही अडकतो. मग तो धुऱ्यावर एका ठिकाणी बसला. इथेच बसली असेल का ती, हे धनराजला विचारायचं राहिलं होतं.

बसल्यावर समोरची सगळी जागा उतरत उतरत त्याच्याकडे येताना दिसली. उभं राहून ती कधी अशी दिसली नव्हती. दोन वर्षं त्यानं नकाशा पाहिला होता, आणि कुंतानं हे पाहिलं होतं. तिनं त्याच्यापासून लपवलं, हे खरंच होतं. नाक्यावर जे लपवतात ते धरले जाऊ नयेत म्हणून लपवतात. हिनं त्याला झोप लागावी म्हणून लपवलं, असं धनराज म्हणतो. असेल. त्याला ते मानायचं होतं आणि मानताना आतून कोणीतरी विचारत होतं, याला साक्षीदार कोण? साक्षीदार एकच होता आणि तो त्यानं आंघोळीला वापरला.

सुरेंद्रचा फोन दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्यानं उचलला. "जोतं किती घेता तुमी?" त्यानं विचारलं. "दोन फूट भाऊ, स्टँडर्ड. साऱ्यांचं दोनच असते." इस्तारीनं, तुमच्याकडून नाही बांधायचं, एवढं सांगितलं आणि ठेवून दिला. आचल म्हणाली, बाबा, मग धनराजमामाला सांगू का? ती त्याला मामा म्हणाली हे त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, पाहू.

रजा संपली आणि तो नाक्यावर परत गेला. येणाऱ्या पावसाळ्यात यंदाएवढं पाणी येईलच असं नाही, आणि नाही आलं तर यंदाचं कुठवर चढलं होतं ते कळायला दुसरा मार्ग नाही. धनराजला त्यानं हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. धुऱ्यापाशी नवा बांबू रोवायचा आहे. आचलच्या फोनवरचा फोटो त्यानं अजून मागितलेला नाही. प्लॉट अजून कुंताच्याच नावावर आहे, वारसाचा अर्ज द्यायचा राहिला आहे. जोतं किती उंच घ्यायचं ते ठरलेलं नाही.